पंधरा वर्षांनी पुन्हा ट्रॅक बनवायचाय? लॅपटॉपच्या आधी गिऱ्हाईक शोधा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही परभणीचे. 2005 ते 2010 या काळात वरातीसाठी, जयंतीसाठी, गणपतीसाठी फ्रूटी लूप्स या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर ट्रॅक बनवायचात. मग नोकरी लागली, लग्न झालं, घराचं बांधकाम निघालं आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला. आता रात्री दोन तास मोकळे मिळतात आणि साठ हजार रुपये बाजूला काढलेत. लॅपटॉप घेऊ, मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला सूर पाठवणारा) घेऊ की स्पीकर, असं विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय: बसतो, पण दोन तास नुसते आवाज ऐकण्यात जातात, एक गाणं पूर्ण होत नाही, एआय आल्यावर आता याला काही अर्थ आहे का?

मला वाटतं, खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. साठ हजारांचं काय करायचं हे सांगणं सोपं आहे, ते पुढे सांगतोच. पण पूर्ण न होणारं गाणं नव्या लॅपटॉपवरही पूर्ण होत नाही.

मी लातूरचा. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत सुरुवात केली, नंतर रेकॉर्डिंगचं काम धरलं. मधे दहा-पंधरा वर्षं सोडून पुन्हा सुरुवात करणारे बरेच जण माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. वय झालं, हात बसत नाही, सॉफ्टवेअर बदललं, अशी कारणं सांगतात. मला ती पटत नाहीत. हात महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसतो.

2007 साल आठवा. पेंटियम फोर, 512 एमबी रॅम, कुणाकडून तरी मागून आणलेली सॅम्पलची, म्हणजे सुट्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांची, सीडी आणि ठोके भरायचा सोळा खान्यांचा स्टेप सिक्वेन्सर. 13 एप्रिलच्या रात्री डीजेवाला दारात मोटरसायकल लावून सीडी बर्न व्हायची वाट बघतोय, कारण सकाळी गाडी निघणार. तेव्हा कोणती किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, लावायची यावर अर्धा तास घालवलात का कधी? चार किक होत्या, त्यातली एक लावली आणि पुढे गेलात. निम्मे निर्णय तारखेने आणि रॅमने आधीच घेऊन टाकलेले असायचे. आज हजारो प्रीसेट, म्हणजे आयते आवाज, आहेत आणि दारात कुणी उभं नाही. दोन तास आवाज ऐकण्यात जातात ते यामुळे. उगाच स्वतःला आळशी म्हणू नका.

म्हणून खरेदीच्या आधी गिऱ्हाईक शोधा. त्याने पैसे दिलेच पाहिजेत असं नाही, तारीख मात्र दिली पाहिजे. गल्लीतल्या गणेश मंडळाचा देखावा असेल तर त्याला पाच-दहा मिनिटांचा साउंडट्रॅक लागतो: निवेदन, पार्श्वसंगीत, विजांचा कडकडाट, शेवटी आरतीची धून. बरीच मंडळं सिनेमातले तुकडे जोडून भागवतात. शाळेचं स्नेहसंमेलन असतं. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम होतात, त्यात मुलांची नाटुकली असतात. आपल्याकडे यूट्यूबवर गावरान विनोदी मालिका काढणारी पोरं कमी नाहीत. त्यांना शीर्षकसंगीत पाहिजे असतं आणि कॉपीराइटची धास्ती असते. यातलं एक काम धरा, तारीख ठरवून घ्या आणि तिथे ‘बघू’ म्हणू नका, ‘देतो’ म्हणा.

वरातीच्या ट्रॅककडे तुम्हाला मी मुद्दाम पाठवत नाहीये. डीजेवाल्यांना आता रिमिक्स फुकटात उतरवून मिळतात, आणि ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम, रात्री 10 ते सकाळी 6 ची बंदी, यांकडे पूर्वी काणाडोळा व्हायचा तसा आता होत नाही. तुमच्या जुन्या ओळखी अजून टिकून असतील तर गोष्ट वेगळी. आणि हे सगळं फक्त स्वतःच्या आनंदासाठी करायचं असेल, तर गिऱ्हाईकाऐवजी एक ऐकणारा ठरवा, दर रविवारी त्याला काहीतरी पाठवायचं. तो कौतुक करणारा नसावा, एवढंच बघा.

चरणजित सिंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हिंदी सिनेमाच्या संगीतात वाजवणारे मुंबईचे वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँडची टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 ही ठेका, बेस आणि सूर काढणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. 2010 च्या सुमारास ती रेकॉर्ड पुन्हा निघाली, जगभरातल्या डान्स म्युझिकवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने युरोपात जाऊन ते संगीत लोकांसमोर वाजवलं. बोटं तीच होती. तीस वर्षांनी बोलावणं आलं, म्हणून ते पुन्हा वाजलं.

आता कामाचं. नवं गाणं लगेच सुरू करू नका. तुमचाच एक जुना ट्रॅक घ्या, जो आजही तोंडपाठ आहे, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून जसाच्या तसा बांधा. सुधारायचा मोह होईल, तो आवरा. त्यात घ्यायचे सगळे निर्णय तुम्ही तेव्हाच घेतलेले आहेत. त्यामुळे डोकं मोकळं राहतं आणि सगळा सराव नव्या खिडक्या, नवी बटणं, नवा मिक्सर यांचा होतो. हा ट्रॅक कुणाला ऐकवायचा नाही. बांधून झाला की ठेवून द्या.

याच कामासाठी माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढा. भंगारात देऊ नका, त्यात सोनं आहे. तो चालू होत असेल तर जुने प्रोजेक्ट त्याच मशीनवर, त्याच जुन्या आवृत्तीत उघडा आणि प्रत्येक ट्रॅक वेगळा काढून घ्या. एक्स्पोर्ट करताना ‘स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स’ असा पर्याय मिळतो, तो लावायचा. फाइल वेव्हमध्येच काढा, एमपी3 मध्ये नको, आणि फाइलच्या नावात टेम्पो (गाण्याचा वेग) लिहा. एफएल स्टुडिओची (फ्रूटी लूप्सचं आजचं नाव) नवी आवृत्ती जुन्या फाइली उघडते हे खरं, पण तुमची सॅम्पल्स डी ड्राइव्हच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये होती, ती तिला सापडत नाहीत. शिवाय त्या काळातले फुकट प्लगइन, म्हणजे वर जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, 32-बिटचे. त्यातले काही आजच्या 64-बिटच्या विंडोजवर ब्रिज नावाच्या जोडणीतून चालतात, काही उघडताच सगळा प्रोग्राम घेऊन बसतात. मॅक घ्यायचा विचार असेल तर तो रस्ता पूर्ण बंद आहे. 2019 नंतरच्या मॅकओएसमध्ये 32-बिटचं काहीच चालत नाही.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर हार्डडिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावा. जुन्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट वेगळे लागतात, तेव्हा सोबत पॉवर सप्लाय असलेलाच अडॅप्टर घ्या. नुसत्या यूएसबीवर ती फिरणार नाही आणि तुम्ही डिस्क मेली समजून टाकून द्याल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करू नका. डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

जुनी सॅम्पल्स हाती लागली की त्यातले तीसेक आवाज निवडा आणि एका फोल्डरमध्ये ठेवा. पहिलं काम पूर्ण होईपर्यंत एवढेच आवाज वापरायचे. सोबत एकच सिंथ, म्हणजे आवाज घडवणारं सॉफ्टवेअर-वाद्य. व्हायटलची फुकट आवृत्ती घ्या किंवा सर्ज एक्सटी घ्या, तो तर पूर्णच फुकट आहे. दोन्ही इतके चांगले आहेत की आपल्या काळी पैसे देऊनही असलं काही मिळालं नसतं. पण दोन्ही घेऊ नका. आवाज शोधणं आणि गाणं बनवणं ही दोन वेगळ्या दिवसांची कामं आहेत. रविवारी हवे तेवढे प्रीसेट ऐका, पण गाण्याच्या दिवशी ती खिडकी उघडायची नाही.

सॉफ्टवेअर कोणतं, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. तुमच्या हाताला फ्रूटी आहे, तर एफएल स्टुडिओच घ्या. नाव 2003 मध्येच बदललं होतं, आपण मात्र शेवटपर्यंत फ्रूटीच म्हणत राहिलो. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट मिळतात. त्याची चाचणी आवृत्ती गाणं एक्स्पोर्ट करू देते, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, हे आधी माहीत असू द्या. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर कोणत्या आवृत्तीत ती सोय आहे ते बघून घ्या. आणि त्या काळी आपण सगळे क्रॅकवर, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरट्या कॉपीवर, जगलो, ते आता नको. बऱ्याच क्रॅकमध्ये व्हायरस असतो, आणि तुमच्या त्याच लॅपटॉपवर आता बँकही आहे. पैसे वाचवायचे असतील तर रीपर हे सॉफ्टवेअर आहे: 60 दिवस पूर्ण चालतं, नंतर सवलतीचं लायसन्स 60 डॉलर. लाइव्ह रेकॉर्डिंगला मला ते जास्त आवडतं, बीट बांधायला नाही.

आता ज्या बाबतीत तुम्ही मुंबई-पुण्याच्या पोरांच्या पुढे आहात, तिकडे येतो. बाजारात ‘इंडियन पर्कशन’ नावाने मिळणारे सॅम्पल पॅक बहुतेक तबला, ढोलक आणि ढोलावरच संपतात. हलगी नावापुरती असते आणि संबळ असलाच तर ताशासारखा वाजतो. तुमच्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर खरा हलगीवाला आहे, गोंधळी आहे. त्याला मानधन द्या, विचारून रेकॉर्ड करा, आणि हे आवाज कुठे वापरणार तेही त्याला आधीच सांगा. चांगला फोन असला तरी चालतो. मात्र वेव्हमध्ये रेकॉर्ड करणारं ॲप घ्या, त्यातलं नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन बंद करा, नाहीतर प्रत्येक टोल्यानंतर आवाज दबतो आणि पुन्हा फुगतो. फोन सहा-आठ फूट लांब ठेवा. जवळ ठेवलात तर हलगीचा टोला फाटतो. मोकळ्या रानात, पहाटे. उन्हाळ्यात दुपारी 42 अंशांत माणूसही बसत नाही आणि पंखा लावला की रेकॉर्डिंग गेलं. हलगी विस्तवावर शेकून चढवलेली असते, ती हळूहळू उतरते. तेव्हा शेकल्यावर लगेच एकेक टोला सुटा घ्या, ठेका नंतर.

ठेक्याबद्दल आणखी एक. सिक्वेन्सरचे ते सोळा खाने चाराच्या हिशोबाने बनलेले आहेत. केरवा त्यात मुकाट बसतो. पण दादरा किंवा गोंधळातली सहाच्या चालीची लय त्यात कोंबली की तिचा जीव जातो. पॅटर्नची लांबी बारा खान्यांची करा, मेट्रोनोम 6/8 ला लावा. मग ग्रिडला चिकटवणं बंद करून खऱ्या हलगीच्या रेकॉर्डिंगवर तुमचे टोले ठेवून बघा. ती कुठे थोडी पुढे पळते, कुठे मागे रेंगाळते, हे डोळ्यांना दिसेल. ही सरक मी कधी स्विंगच्या बटणाने आणलेली नाही, हातानेच सरकवतो. सनई-सुंदरीसारखी मींड पाहिजे असेल तर सिंथचा पिच बेंड (स्वर वर-खाली ओढायची सोय) नेहमीच्या दोन स्वरांतरांवरून बारावर न्या. मिडीत बेंडला 16,384 पायऱ्या असतात, त्यामुळे रेंज वाढवली तरी पायऱ्या ऐकू येत नाहीत. अडचण फक्त बोटांना सवय होण्याची.

खोली आणि कान यांवर थोडं थांबतो, कारण तुमचे पैसे इथेच वाया जाण्याची शक्यता जास्त आहे. तुम्ही स्पीकर घ्यायचं म्हणताय, खोली दहा बाय दहा लिहिलीय. उंचीही साधारण दहाच असणार. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झला आवाज घुमतो. तिन्ही बाजू सारख्या असल्या की ते घुमणं एकावर एक चढतं, आणि तुमची किक नेमकी त्याच भागात असते. खोलीच्या एका कोपऱ्यात बेस अंगावर येईल, मधोमध बसलात तर गायब होईल. भिंतीला वाकळ टांगली की वरचे आवाज मऊ होतात, बेसला ती काही करत नाही. या खोलीत पन्नास हजारांचे स्पीकरही खोटंच सांगतील. बंद कपांचा बरा हेडफोन घ्या, आणि तपासायला तुमची चारचाकी, नसेल तर मित्राची. साध्या फोनवरही ऐका. फोनच्या स्पीकरमधून साधारण 200 हर्ट्झच्या खालचं फारसं येत नाही. तिथे बेसलाइन ऐकू आली पाहिजे असेल तर आवाज वाढवून उपयोग नाही, तिच्यावर थोडं डिस्टॉर्शन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) चढवा.

आणि कान तपासून घ्या. डीजेच्या गाडीजवळ आपण जी वर्षं काढली त्याचा हिशोब असा: 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. गाडीसमोर त्याहून जास्तच असतं. असं नुकसान आधी 4,000 हर्ट्झच्या आसपास दिसतं, आणि चाळिशीनंतर वरचे आवाज तसेही कमी होतात. मग माणूस मिक्समध्ये झांजा नि हाय-हॅट वाढवत बसतो आणि घरातली पोरं कान झाकतात. ऑडिओमेट्री करून घ्या. आलेखात खड्डा दिसला तर घाबरायचं कारण नाही, तेवढ्या भागात स्वतःच्या कानावर विसंबू नका. चांगलं मिक्स झालेलं एखादं गाणं शेजारी लावून तुलना करत जा.

हेडफोनमध्ये घूं असा आवाज आला तर लगेच इंटरफेसला (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीला) दोष देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेली तर खोट बहुतेक अर्थिंगमध्ये. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावालाच उरतो. खड्ड्यात पाणी सोडा, वायरमनकडून मोजून घ्या. प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा तो जुना उपाय करू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

आवाजाच्या जोरासाठी तेव्हा आपण लिमिटर (मोठे टोले दाबणारा इफेक्ट) ठोकून ठोकून ट्रॅक विटेसारखा सपाट करायचो. स्पॉटिफाय आता सगळी गाणी उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणून वाजवतो. जास्त ठोकलेलं गाणं तिथे नुसतं खाली ओढलं जातं, आणि मेलेले टोले तेवढे उरतात. मंडळाच्या स्पीकरवर ही सोय नसते, तिथे थोडं घट्टच द्यावं लागतं. म्हणजे कुठे वाजणार ते आधी ठरवा, आणि गरज पडली तर दोन वेगळ्या फाइली काढा.

एआयबद्दल. खोटं सांगत नाही: वाढदिवसाचं, नवरा-नवरीच्या नावाचं, दुकानाच्या उद्घाटनाचं गाणं, हा स्वस्त धंदा गेल्यात जमा आहे. चार ओळी टाइप केल्या की मिनिटभरात गाणं मिळतं आणि गिऱ्हाईकाला ते चालतं. पण मंडळाचा अध्यक्ष रात्री अकराला फोन करून ‘अफजलखान आत येतो तिथं अजून दहा सेकंद वाढवा, आमचा पडदा हळू सरकतो’ म्हणतो, तेव्हा त्याला माणूस लागतो, आणि परभणीतलाच लागतो. तुमच्या कामाचं एआय वेगळंच आहे: एकत्र मिसळलेल्या गाण्यातून आवाज, ड्रम, बेस सुटे करणारं. 2019 मध्ये स्प्लीटर आणि डीमक्स आले. एफएल स्टुडिओमध्ये ही सोय 2023 पासून आहे. ज्या ट्रॅकचा प्रोजेक्ट गेला आणि एमपी3 तेवढी उरली, तो त्यातून बराचसा सोडवता येतो. फक्त आपल्याच गाण्यांसाठी वापरा. दुसऱ्याचा आवाज काढून रिमिक्स यूट्यूबवर टाकलात तर यूट्यूबची कॉपीराइट तपासणारी यंत्रणा, कंटेंट आयडी, तो पकडते.

साठ हजारांचं असं करा. घरातल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि 16 जीबी रॅम असेल, किंवा बसवता येत असेल, तर नवा घेऊ नका. नसेल तर बहुतेक पैसे तिकडेच जातील आणि मग हेडफोन सोडून दुसरं काही घेऊ नका. लॅपटॉप असेल तर सॉफ्टवेअर, हेडफोन आणि दोन इनपुटचा साधा इंटरफेस घ्या. इंटरफेस तरी कशाला, तर कुणी गायला किंवा हलगी वाजवायला येणार असेल तरच. नुसतं माऊसने बीट भरणाऱ्याला बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचा तुकडा; तो मोठा तितका उशीर) 512 असला तरी फरक पडत नाही. पॅडवर हाताने वाजवायचं असेल तर 128 किंवा 256 लागतो. 44,100 च्या सॅम्पल रेटला 256 म्हणजे जेमतेम 6 मिलिसेकंद, तेवढा उशीर हाताला जाणवत नाही.

मिडी कीबोर्ड सध्या नकोच. तुमच्याकडे जुना कॅसिओ की यामाहा आहे असं लिहिलंय, मॉडेल लिहिलं नाही. त्याच्या पाठीमागे पाच भोकांचं गोल सॉकेट आहे का बघा. मिडी हे 1983 चं मानक, आजच्या लॅपटॉपशीही बोलतं. यूएसबी-मिडी केबल आणा. अगदी रस्त्यावरची घेऊ नका, ती स्वर गाळते. जोडताना केबलवर ‘इन’ लिहिलेलं टोक कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये घालायचं. तरी आवाज आला नाही तर टोकं उलटी करून बघा, काही केबलींवर नावं उलटी छापलेली असतात.